विश्लेषण : संगणकावर गारवा, वॉर्डात उकाडा! इमारतींच्या ‘ऊर्जा मॉडेल’मधील चूक कशी शोधतात?

चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा ठिकाणी रुग्णालय किंवा वसतिगृह बांधताना आत किती गरम होईल, कूलर पुरेल की एसी लागेल, लागलाच तर किती टनांचा, हे प्रश्न बांधकामाआधीच संगणकावर सोडवता येतात. मात्र संगणकातील मॉडेलच चुकले, तर यंत्रणा लहान पडते किंवा गरज नसताना मोठी बसते. हे मॉडेल नेमके कुठे चुकते आणि ती चूक कशी पकडायची, याविषयी…

ऊर्जा सिम्युलेशन म्हणजे काय?

इमारतीची हुबेहूब प्रतिकृती संगणकात तयार करायची. भिंती कशाच्या, छत कसले, खिडक्या कोणत्या दिशेला, आत माणसे किती, दिवे-पंखे किती, हे सगळे त्यात भरायचे. मग त्या गावाचे वर्षभराचे हवामान तिच्यावरून ‘फिरवायचे’. वर्षाचे तास ८,७६०. प्रत्येक तासाला उष्णता कुठून आत आली, कुठून बाहेर गेली आणि आतले तापमान किती झाले, याचा हिशेब प्रोग्राम मांडतो. त्यावरून थंडाव्याची यंत्रणा किती मोठी हवी आणि वीज किती लागेल, हे कळते.

यासाठी जगभर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रामपैकी एक म्हणजे ‘एनर्जीप्लस’. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने तो २००१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला. तो मोफत आहे. भारतात ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या ‘ऊर्जा संवर्धन इमारत संहिते’त (२००७, सुधारित आवृत्ती २०१७) मोठ्या व्यावसायिक इमारतींनी नियम पाळल्याचे सिम्युलेशनद्वारे दाखवण्याचा मार्ग दिला आहे. त्यामुळे हा विषय आता केवळ प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही.

कुरखेड्यासारख्या गावाशी त्याचा संबंध काय?

गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागातले कुरखेडा हे तालुक्याचे ठिकाण. उन्हाळा कोरडा आणि तापलेला, जुलै-ऑगस्ट दमट, तर हिवाळ्याच्या रात्री चांगल्याच गार. म्हणजे एकाच इमारतीला तीन वेगवेगळ्या ऋतूंना तोंड द्यावे लागते. त्यात घरे कवेलूची, सरकारी इमारती स्लॅबच्या, तर अनेक शेड टिनाच्या. थंडाव्याचे मुख्य साधन एसी नव्हे, तर कूलर.

प्रोग्राममधले तयार साचे मात्र बहुधा काचेच्या, बंदिस्त, एसी लावलेल्या कार्यालयाचे असतात. तोच साचा उचलून कुरखेड्याच्या इमारतीला लावला, की चुकांना सुरुवात होते. शहरातल्या कार्यालयात एसी कमी पडला तर तक्रार होते, दुरुस्ती होते. तालुक्याच्या रुग्णालयात मे महिन्यात वॉर्ड थंड झाला नाही, तर बाळंतीण, वृद्ध आणि उष्माघाताच्या रुग्णाला तो त्रास सोसावा लागतो. एकदा खर्च झालेला निधी पुन्हा लवकर मिळत नाही.

‘एरर नाही’ म्हणजे मॉडेल बरोबर का?

नाही. नेमका इथेच सर्वाधिक घोटाळा होतो. एनर्जीप्लस प्रत्येक वेळी चुकांची एक फाइल तयार करतो. त्यात तीन पायऱ्या असतात. ‘वॉर्निंग’ म्हणजे इशारा, ‘सिव्हिअर’ म्हणजे गंभीर चूक आणि ‘फेटल’ म्हणजे काम थांबवणारी चूक. फेटल चूक आली की प्रोग्राम बंद पडतो, म्हणून ती दुरुस्त होतेच. इशारे मात्र शेकड्यांनी येतात आणि न वाचता सोडले जातात.

शिवाय काही चुकांवर प्रोग्राम एक शब्दही बोलत नाही. छतावर ऊन पडते हे सांगायचे राहिले, २५ माणसांऐवजी १० लिहिली, आडोशाची भिंत विसरली, तरी गणित सुटते आणि उत्तर दोन दशांशांपर्यंत येते. संगणक दिलेल्या इमारतीचे गणित सोडवतो. ती इमारत खरी आहे का, हे तो तपासत नाही. ते काम माणसाचे.

शोधाची सुरुवात कुठून करायची?

आधी यंत्रणा काढून टाकायची. कूलर नाही, एसी नाही, नुसती इमारत. असे मॉडेल मे महिन्याच्या एका आठवड्यासाठी चालवायचे आणि आतले तापमान तासागणिक पाहायचे. टिनाच्या बंद खोलीत दुपारी तीन वाजता बाहेर ४४ अंश असताना आत ३२ दिसत असेल, तर ते शक्य नाही, हे विदर्भात कुणीही सांगेल. स्लॅबच्या खोलीत उष्णता उशिरा उतरते, संध्याकाळी आणि रात्री छत तापलेले लागते. मॉडेलमध्ये हा उशीर दिसला पाहिजे.

तो दिसत नसेल, तर पहिला संशय छतावर. मॉडेलमध्ये प्रत्येक पृष्ठभागाच्या पलीकडे काय आहे, हे सांगावे लागते. बाहेरची हवा, जमीन, की दुसरी खोली? वर आणखी एक मजला आहे असे समजून छताची उष्णता-देवाणघेवाण शून्य ठेवली गेली, तर उन्हाळ्याचा सर्वात मोठा उष्णतास्रोतच गायब होतो.

किती मोठा? उदाहरणासाठी १० बाय ६ मीटरचा, म्हणजे ६० चौरस मीटरचा वॉर्ड घेऊ. साध्या काँक्रीट स्लॅबचे यू-मूल्य, म्हणजे एका चौरस मीटरमधून एका अंशाच्या फरकाला झिरपणारी उष्णता, सुमारे साडेतीन वॅट असते. ऊन धरून छताचे बाहेरचे परिणामी तापमान ६० आणि आतले ३० मानले, तर ६० × ३.५ × ३० म्हणजे ६,३०० वॅट. एक टन थंडावा म्हणजे सुमारे ३,५०० वॅट. म्हणजे एकट्या छतातून जवळपास १.८ टनांचा भार! निवासी इमारतींसाठीच्या ‘इको निवास संहिता २०१८’ने छताच्या यू-मूल्याला १.२ची मर्यादा घातली आहे. ती पाळली, तर हाच भार सुमारे ०.६ टनांवर येतो. हा अंदाज ढोबळ आहे, पण मॉडेलचे उत्तर याच्या जवळपासही नसेल, तर थांबून तपासायला हवे.

इमारत पटली की दुसरी पायरी. खरी यंत्रणा न लावता ‘आदर्श यंत्रणा’ लावायची. ही कागदावरची, हवा तेवढा थंडावा देणारी. तिने खोली ठरल्या तापमानाला राहिली, तर इमारतीचा भार कळतो. मग तिसऱ्या पायरीला खरा एसी किंवा कूलर. आदर्श यंत्रणेत सगळे ठीक आणि खऱ्या यंत्रणेत बिघाड, असे असेल तर दोष यंत्रणेच्या मांडणीत. दोन्हीकडे बिघाड असेल, तर दोष इमारतीत किंवा हवामानात.

हवामानाची फाइल कुठली?

मॉडेलला तासागणिक तापमान, आर्द्रता, ऊन आणि वारा देणारी फाइल लागते. कुरखेड्याजवळच्या मोठ्या शहरांपैकी नागपूरची अशी फाइल सहज मिळते. पण नागपूर सरळ रेषेत सुमारे १३० किलोमीटर दूर. भोवती शहर, तर इथे जंगल आणि धानाची बांधी. वैनगंगेपलीकडचे ब्रह्मपुरी त्या मानाने जवळ, सुमारे ३५ किलोमीटरवर. तिथे हवामान खात्याचे केंद्र असून उन्हाळ्यात त्याचे नाव बातम्यांत असतेच. म्हणून नागपूरची फाइल वापरली, तरी तिची ब्रह्मपुरीच्या नोंदींशी तुलना करावी.

दुसरी मेख अशी, की या फाइली ‘सर्वसाधारण वर्षा’च्या असतात. अनेक वर्षांतून प्रत्येक महिन्यासाठी नेहमीसारखा महिना निवडून त्या जोडलेल्या असतात. साहजिकच टोकाची उष्णतेची लाट त्यातून गळू शकते. वर्षभराच्या वीजबिलाच्या अंदाजाला ते चालते. वॉर्डातला रुग्ण लाटेत तग धरेल का, या प्रश्नाला चालत नाही. त्यासाठी खरोखर तापलेल्या वर्षाच्या नोंदी वेगळ्या चालवून पाहाव्या लागतात.

पण नोंदीही डोळे झाकून घेता येत नाहीत. ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले आणि देशभर खळबळ उडाली. शहर परिसरातील इतर केंद्रांवर ते ४४ अंशांच्या आसपास होते. सेन्सरमध्ये बिघाड असल्याचे हवामान खात्याने स्पष्ट केले. आदल्याच दिवशी दिल्लीतील मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंश नोंदवले होते. तपासणीत तो सेन्सर सुमारे ३ अंश जास्त दाखवत असल्याचे निष्पन्न झाले. असा एक आकडा मॉडेलमध्ये शिरला, तर यंत्रणेचा आकार त्यावरच ठरू शकतो.

सूर्याची बाजूही तपासावी. भारतीय प्रमाणवेळ साडेपाच तासांची. तिथे ५.५ऐवजी ५ लिहिले गेले, की सूर्य अर्धा तास सरकतो. कुरखेडा सुमारे २०.६ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. जूनमध्ये उत्तरेच्या खिडकीवर दुपारी ऊनच दिसत नसेल, तर मॉडेलमधले गाव किंवा इमारतीची दिशा चुकली आहे.

कूलरचे मॉडेल कुठे फसते?

विदर्भासाठी हा कळीचा मुद्दा. एसी हवेतली उष्णता बाहेर फेकतो. कूलर पाण्याचे बाष्प करून हवा गार करतो. त्यामुळे कूलरला मर्यादा असते ती ‘ओल्या थर्मामीटर’च्या तापमानाची. थर्मामीटरच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून वारा दिला, तर तो जिथे स्थिरावतो, त्याखाली कूलर हवा नेऊ शकत नाही.

मे महिन्यात हवा ४५ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर हे ओले तापमान सुमारे २६ अंश. दोन्हींतला फरक १९. चांगली ताटी या फरकाच्या ८० टक्के काम करते असे धरले, तर कूलरमधून सुमारे ३० अंशांची हवा येते. पंधरा अंशांची घट! जुलैत हवा ३२ अंश, आर्द्रता ८० टक्के. ओले तापमान २९. फरक अवघा ३ आणि कूलरमधून येणारी हवा साडेएकोणतीस अंशांची, वर चिकचिक. गावात प्रत्येकाला अनुभवाने माहीत असलेली ही गोष्ट मॉडेलमध्ये दिसलीच पाहिजे. कूलर वर्षभर सारखाच थंडावा देताना दिसत असेल, तर त्याच्या जागी चुकून एसीसारखी ठरावीक क्षमतेची यंत्रणा लिहिली गेली आहे.

दुसरी चूक अधिक लपलेली. कूलर जितकी हवा आत ढकलतो, तितकी बाहेर जायला वाट हवी. आपल्या ६० चौरस मीटरच्या, साडेतीन मीटर उंच वॉर्डात तासाला २५ वेळा हवा बदलायची, तर ताशी ५,२५० घनमीटर हवा लागते. खोली ३३ अंशांवर आणि कूलरची हवा ३० अंशांवर असताना एवढी हवा सुमारे पावणेपाच किलोवॅट उष्णता बाहेर नेते, म्हणजे १.३ ते १.४ टन. पण समोरच्या खिडक्या बंद असतील, तर हवा शिरतच नाही. साध्या मॉडेलमध्ये ‘हवा बाहेर गेली’ असे गृहीत असते, खिडकी उघडी आहे का, हे तपासले जात नाही. म्हणून संगणकावर वॉर्ड गार आणि प्रत्यक्षात दमट. हवेची वाट दाखवणारे वेगळे मॉडेल जोडणे, किंवा निदान खिडक्यांचे उघडे क्षेत्रफळ हाताने मोजणे, हाच यावर उपाय.

एसी लहान पडला, की वेळापत्रक चुकले?

निकालाच्या तक्त्यात एक आकडा हमखास पाहावा. ठरलेले तापमान किती तास राखता आले नाही? याला ‘अनमेट अवर्स’ म्हणतात. ‘ॲशरे ९०.१’ या प्रचलित अमेरिकी मानकात वर्षाला ३०० तासांची मर्यादा आहे. आकडा त्यापुढे गेला, की बहुतेक जण एसीचा टनेज वाढवतात. ते सर्वात सोपे आणि अनेकदा सर्वात चुकीचे उत्तर.

आधी पाहावे, की हे तास कधी येतात. मे महिन्याच्या दुपारी येत असतील, तर यंत्रणा खरेच लहान असू शकते. यंत्रणेचा आकार प्रोग्राम ‘डिझाइन डे’ या नमुना दिवसावरून ठरवतो. तो दिवस पुण्याचा राहिला असेल, तर कुरखेड्यात एसी लहान पडणारच. तास रोज सकाळी कार्यालय उघडताना येत असतील, तर दोष वेळापत्रकाचा. माणसे दहाला येतात आणि एसीही दहालाच सुरू होतो, तोवर खोली तापलेली असते. तास रविवारी येत असतील, तर सुट्टीच्या दिवशी यंत्रणा बंद आणि तापमानाची अपेक्षा मात्र चालू, असा विसंवाद आहे.

माणसांची संख्या हाही नेहमीचा सापळा. बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता देतो. दहा खाटांच्या वॉर्डात साचा दहा माणसे धरतो. आपल्याकडे रुग्णामागे एक-दोन नातेवाईक असतातच. २५ माणसे धरली, तर दीड किलोवॅट, म्हणजे जवळपास अर्धा टन भार वाढतो.

आश्रमशाळेच्या वसतिगृहाचे याच्या उलट. मे महिन्यात मुले सुट्टीवर असतात आणि विदर्भात शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे मुले तिथे राहतात ते दिवस बरेचसे दमट. वर्षभर भरलेले वसतिगृह गृहीत धरणारे मॉडेल कूलरची शिफारस करील, कारण मेमध्ये कूलर उत्तम चालतो. प्रत्यक्षात मुलांना गरज असते ती जुलै ते ऑक्टोबरच्या रात्री पंखे आणि आरपार वाऱ्याची. चुकीचे वेळापत्रक इथे थेट चुकीची खरेदी घडवते.

अपेक्षित तापमान किती धरावे, हेही तपासायला हवे. कूलर किंवा पंख्याच्या इमारतीला २४ अंशांची अट लावली, तर ‘अनमेट’ तास हजारोंनी येणारच. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी भारतीय कार्यालयांच्या अभ्यासातून ‘इमॅक’ हे सूत्र दिले. त्यानुसार नैसर्गिक वायुविजनाच्या इमारतीत, गेल्या ३० दिवसांचे बाहेरचे सरासरी तापमान ३० अंश असेल, तर माणसांना सुमारे २९ अंश सुखद वाटतात. अर्थात हे निरोगी कर्मचाऱ्यांसाठी. रुग्णांसाठी निकष डॉक्टरांना विचारूनच ठरवावा लागतो.

कुरखेड्यात हीटिंग कशाला?

निकालात डिसेंबर-जानेवारीत हीटरची वीज दिसली, तर बहुतेक वेळा ती साच्यातून आलेली असते. तयार साच्यात २१ अंशांखाली हीटर सुरू होण्याची सूचना असते. इथल्या थंड रात्री कागदावरचा हीटर चालू होतो, आणि जो हीटर कुणी बसवणारच नाही त्याचे बिल वार्षिक हिशेबात चढते. त्याहून वाईट म्हणजे, हीटिंग आणि कूलिंगच्या मर्यादा एकमेकींना खेटून ठेवल्या, तर एकाच दिवशी मॉडेल आलटून पालटून दोन्ही चालवते. दोन मर्यादांत काही अंशांचे अंतर हवे.

पण हीटिंग दिसले की पुसून टाकले, असेही करून चालत नाही. प्रसूतिगृहात २५ ते २८ अंश तापमान असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गडचिरोलीतच ‘सर्च’ संस्थेने विकसित केलेल्या घरोघरी नवजात बालसेवेत बाळाला ऊब देणे हा महत्त्वाचा भाग आहे. त्या पद्धतीचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे जनरल वॉर्डात चूक ठरणारे हीटिंग प्रसूतिकक्षात गरज ठरते. कोणती खोली कशासाठी, हे सांगितल्याशिवाय मॉडेल तपासताच येत नाही.

शेवटी खरे-खोटे कसे ठरते?

मोजून. इमारत उभी असेल, तर मॉडेलची महिन्याची वीज आणि मीटरचे बिल शेजारी ठेवायचे. ‘ॲशरे गाइडलाइन १४’नुसार मासिक आकड्यांत एकूण कल ५ टक्क्यांच्या आत आणि चढउतारांचा फरक १५ टक्क्यांच्या आत असावा. मात्र बिल जुळले म्हणजे सगळे जुळले असे नाही. छताची एक चूक आणि माणसांची उलटी चूक मिळून बेरीज बरोबर येऊ शकते. म्हणून खोलीतले तापमान आणि आर्द्रताही मोजावी. मेमधला एक आठवडा, जुलैमधला एक आणि डिसेंबरमधला एक, एवढ्या नोंदी असल्या, तरी मोठ्या चुका उघड्या पडतात. वीज जाण्याचे तासही लिहून ठेवावेत. संगणकातला एसी कधीच बंद पडत नाही.

इमारत नवी असेल, तर त्याच गावातल्या तशाच छताच्या जुन्या खोलीचे मॉडेल आधी करावे आणि ते मोजमापाशी ताडून पाहावे. ते जुळले, तर त्याच पद्धतीने नव्या इमारतीचे.

इमारत बांधून घेणाऱ्याने काय विचारावे?

सिम्युलेशन न येणाऱ्या सरपंचाला, मुख्याध्यापकाला किंवा वैद्यकीय अधीक्षकालाही पाच प्रश्न विचारता येतात. हवामान कुठल्या गावाचे आणि कुठल्या वर्षांचे घेतले? यंत्रणेशिवाय मेमधल्या दुपारी आत किती तापमान आले? जुलैत कूलर किती थंडावा देतो? माणसे किती आणि कोणत्या महिन्यांत धरली? आणि हे सगळे कुठल्या मोजमापाशी पडताळले? यांची उत्तरे आकड्यांत मिळाली नाहीत, तर निविदेची सही थांबवावी. छताला चुना मारायचा की दहा टनांचा एसी घ्यायचा, हा निर्णय त्यानंतरचा.